तळ्याचा हात आणि समुद्राचा मासा

नागपुरात समुद्र फक्त एका आकड्यात भेटतो. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३१० मीटर, एवढीच त्याची आपल्याशी ओळख. झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेला सरळ रेघ ओढा, पाचशे किलोमीटरच्या आत खारं पाणी लागत नाही. तरी गंमत अशी की राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे आणि गळ टाकून बसणाऱ्यांचीही इथे कमी नाही. रविवारी पहाटे आसपासच्या कुठल्याही तलावाच्या पाळीवर जा, कणकेचा गोळा मळणारी दोन-चार माणसं दिसतीलच. यांतले काही आता अंदमानच्या दिवसभराच्या सफरीचे बेत करतात. पैसे जमवतात, मोठं रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी, घेतात आणि हात मात्र तळ्याचाच घेऊन जातात. अडचण तिथेच आहे.

तळं काय शिकवतं? बसायला शिकवतं. पाणी स्थिर, आमिष स्थिर, माणूसही स्थिर. कतला कणिक हुंगतो, तरंगतं बूच किंचित थरथरतं, बुडतं, आणि त्या क्षणी मनगटाने वर झटका द्यायचा. मरळीसाठी रबरी बेडूक ओढणारा थोडी जास्त हालचाल करतो. पण तोही मासा मागे आला की बेडूक थांबवतो, मासा गिळेपर्यंत दम धरतो. यातलं जवळजवळ सगळं प्रवाळाच्या कडेवर उलटं पडतं. तिथे थांबलेलं आमिष मेलेलं असतं आणि वर दिलेला झटका रॉड मोडतो.

आधी अंदमानच का, ते सांगायला हवं. मुंबई-गोव्यालाही बोटी मिळतात, स्वस्त पडतात, मग एवढं लांब कशाला? कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबईसमोरचा उथळ तळ फार रुंद आहे. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, आणि तिथेही पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल. म्हणजे दिवसभर इंजिन फिरवूनही खोल पाण्याची कड लागत नाही. अंदमानची बेटं ही समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची माथी. बेटाच्या किनाऱ्याला प्रवाळ, त्यापुढे उतार, आणि थोड्याच अंतरावर शेकडो मीटर पाणी. एकाच दिवसात सकाळी कडेवर पॉपर (पृष्ठभागावर पाणी फोडत ओढायचं नकली आमिष), दुपारी शंभर मीटरवर जिग (तळाला सोडायची धातूची पट्टी) आणि येता-जाता ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) हे तिथे जमतं.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उपयोगी पडतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती; पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी आळसावतं. कडेवर जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली हा मोठा शिकारी मासा, धरायचा असेल तर धावतं पाणी हवं. प्रवाह कडेवर आदळतो, बारकी मासळी गोंधळते आणि जीटी तिथेच दबा धरतो. खोल जिगिंगला मात्र उधाण त्रासाचं. जिग तळाला पोचण्याआधीच लाईन तिरकी होऊन बोटीपासून दूर वाहत जाते. दोन्ही करायचं असेल तर पौर्णिमेनंतरचे तिसरा-चौथा-पाचवा दिवस हा माझ्या मते शहाणा मध्य. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीन दिवस राहणार असाल तर पाणी फिरण्याची वेळ रोज वेगळी धरायची. भरती संपून ओहोटी लागण्याआधीचा जो निश्चल अर्धा तास असतो, तो डबा खाण्याचा. त्यात हात दमवू नयेत.

हंगाम जानेवारी ते एप्रिल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मासा असतो, पण ईशान्येचा वारा आणि चक्रीवादळांची धास्तीही असते. १५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांत पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. चार्टरसाठी, म्हणजे भाड्याच्या बोटीसाठी, त्या वर्षीचा आदेश काय म्हणतो ते पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. वाऱ्याचं सांगायचं तर १० नॉटपर्यंत मजा, १५ नॉटला पांढरे तुरे दिसू लागतात आणि छोट्या बोटीवर उभं राहणं हेच काम होऊन बसतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज देते. तो बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी आली तर बोट पाळण्यासारखी हलते. तीच पाच सेकंदांनी आली तर कंबरडं मोडते. तळ्यावरच्या माणसाला हा दुसरा आकडा ठाऊकच नसतो, कारण तळ्यावर वाऱ्याने फार तर तरंग उठतात.

बोट ठरवताना फोटोंत दिसणाऱ्या माशांना भुलू नये. बोटवाल्याला विचारायचे प्रश्न रुक्ष आहेत. बोट किती फूट, इंजिनं किती? दोन इंजिनं हवीतच. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परतता येतं. मत्स्य खात्याचा परवाना आहे का, प्रवासी नेण्याची परवानगी आहे का, विमा आहे का? व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का? लाइफ जॅकेट माणशी एक आहे का? सावली किती? शौचालय आहे का? हा प्रश्न संकोचाने राहून जातो आणि दहा तास महागात पडतो. दिवस किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, डिझेल-पेट्रोल धरून किती अंतर? ‘दिवसभर’ या शब्दाखाली कुणी सहा तास विकतं, कुणी दहा. एकावेळी पॉपर फेकणारे दोघेच असू शकतात, एक नाळेवर म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला आणि एक मागे. त्यामुळे तीस फुटी बोटीवर चारांपेक्षा जास्त माणसं म्हणजे पाळी येण्याची वाट बघणं. बोटींवर बोलणं हिंदीत चालतं, कप्तान बंगाली असो की तमिळ. नागपूरकराला याची चिंता नाही. आपली हिंदी ऐकून पुण्याचे लोक हसतात, पण पोर्ट ब्लेअरला ती अगदी कामाची.

नागपूरहून पोर्ट ब्लेअरला, २०२४ पासून ज्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, चेन्नई, कोलकाता किंवा अशाच एखाद्या शहरात विमान बदलून जावं लागतं. विमान बदलणं म्हणजे सामानाची कसोटी. साडेसात-आठ फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड घ्यायचा आणि तो पीव्हीसीच्या पाइपात भरायचा. चार इंची पाइप, दोन्ही तोंडांना झाकण, आत रॉड एकमेकांना घासू नयेत म्हणून जुनी चादर. तिकीट काढल्यावर लगेच विमान कंपनीला पाइपची लांबी कळवून ठेवावी. छोट्या विमानात तो चढतोच असं नाही. गळ, पॉपर, पक्कड, सुरी हे सगळं चेक-इन सामानात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. रीलही हातातच ठेवलेलं बरं, पण दोरा काढून; दोरा भरलेलं रील पाहून सुरक्षा जवान विचारणारच. सॅटेलाइट फोन किंवा गार्मिनसारखं उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र परदेशातल्या मित्राकडून आणलं असेल तर घरीच ठेवा. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक त्यापायी अडकलेले आहेत.

आता अवजार. जीटीसाठी रॉड पीई ८ चा (पीई म्हणजे लाईनच्या जाडीचं माप), रील १४००० ते २०००० आकाराचं, त्यावर पीई ८ ची ब्रेड, म्हणजे विणलेली, लाईन किमान ३०० मीटर. पीई ८ म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये १०० पौंडांच्या आसपास ताकद, म्हणजे सुमारे ४५ किलो. पुढे दोन मीटर नायलॉनचा लीडर, म्हणजे आमिषाआधीचा जाड दोरा, १५० ते १७० पौंडांचा. ब्रेड ताणत नाही आणि प्रवाळाला घासताच कापली जाते. नायलॉन जाड असतो, थोडा ताणतो आणि घासणं काही सेकंद तरी सोसतो. ते काही सेकंदच मासा ठरवतात. लीडरच्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी), स्प्लिट रिंग (दुपदरी कडी), आणि १२० ते २०० ग्रॅमचा पॉपर. त्याच्या मूळच्या तीनतोंडी गळांऐवजी ७/० ते ९/० चे एकतोंडी गळ लावावेत आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावेत. मासा सुटेल ही भीती खोटी. लाईन ताणलेली राहिली तर काटा नसलेला गळही सुटत नाही. आणि तो माशाऐवजी शेजाऱ्याच्या दंडात गेला तर बाहेर काढता येतो. काटेवाला गेला तर हॉस्पिटल चार तासांवर असतं.

लीडर आणि ब्रेड जोडणारी एफजी गाठ ही या सगळ्या खेळाची नाडी. ती खरं तर गाठ नव्हेच, ब्रेडने लीडरला मारलेली मिठी आहे. लीडर ताणून धरायचा, ब्रेड त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून अशी आळीपाळीने घ्यायची, वीस-बावीस वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, एकावर एक चढता कामा नये. मग लीडर आणि ब्रेड दोन्ही धरून दोन अर्ध्या गाठी. इथे सगळेजण चुकतात, कारण गाठ सुंदर दिसू लागलेली असते. पण ती अजून बांधलेलीच नसते. थुंकीने ओली करून, हातमोजे घालून, दोन्ही टोकं पकडीला किंवा लाकडी दांड्याला गुंडाळून अंगाचा जोर लावून ओढायची. ब्रेडचा रंग गडद होतो, वेढे लीडरमध्ये रुततात. तेव्हा ती बसली. मग लीडरचं जास्तीचं टोक कापून लायटरने हलकेच वितळवून बारकी टोपी करायची आणि पुढे ब्रेडवर पाच-सहा अर्ध्या गाठी. नीट न ओढलेली एफजी फेकताना टिकते, किरकोळ माशालाही टिकते आणि नेमक्या मोठ्या माशाला साबणासारखी सरकते. म्हणून ही गाठ नागपुरात घरी, पंखा बंद करून, पन्नास वेळा बांधावी. हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, उत्साहात पहिल्यांदा बांधलेली एफजी म्हणजे पॉपर समुद्राला दान.

ड्रॅगचं, म्हणजे किती ताणाला रील दोरा सोडू लागेल त्याचंही तसंच. नियम सोपा: लाईनच्या ताकदीच्या पाव हिस्सा ते तिसरा हिस्सा. ४५ किलोच्या लाईनला ११-१२ किलो. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. तो अंगाने कळावा म्हणून एक उपाय. दहा लिटरची बादली पाण्याने भरा. पाणी दहा किलो, बादली अर्धा-पाऊण किलो. रॉड-रील लावून गच्चीवर उभे राहा, लाईन खाली अंगणातल्या बादलीला बांधा आणि उचला. रॉडचं टोक आडव्या रेषेच्या थोडंच वर ठेवायचं. बादली जमिनीवरून हलते का, ड्रॅग सुटतो का, कमरेत कुठे कळ येते, सगळं दोन मिनिटांत समजतं. ताणकाटा असेल तर ड्रॅग किती किलोला सुटतो तेही मोजून, नॉबवर मार्करने खूण करून ठेवा. आता कल्पना करा की बादलीला शेपूट आहे आणि तिला प्रवाळाखाली शिरायचं आहे. याच कसरतीत रॉड उभा केला तर काय होतं तेही दिसेल: वाक टोकाच्या पातळ भागात जमा होतो. तिथेच रॉड मोडतात. आणि हात जर पुढच्या मुठीच्या वर, नुसत्या नळीवर गेला, तर वाकायला उरलेली नळी आणखी आखूड होते. तळ्यावर कतला दमवताना रॉड उभा धरायची सवय असते. ती गच्चीवरच सोडून जायची.

फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानावर, गळ काढून टाकून करावा. रॉड आणि रील मिळून सव्वा ते दीड किलो, त्यावर दीडशे ग्रॅमचा पॉपर. एक फेक, मग ओढून परत आणणं, याला दीड-दोन मिनिटं. तासाला तीस धरा. पाच तास फेकलं तर दीडशे. दीडशेपैकी किती वेळा मासा येईल? दोनदा आला तरी दिवस बरा म्हणतात. बाकी सगळ्या फेकी रिकाम्या. तळ्यावरचा माणूस रिकाम्या वेळेला सरावलेला असतो, हे खरं. पण बसून रिकामं राहणं आणि उभ्याने, हलत्या फळीवर, हात चालवत रिकामं राहणं यात फार अंतर आहे. सोळाव्या फेकीपर्यंत सगळेच नीट फेकतात. मासा एकशे सोळाव्या फेकीला येतो, तेव्हा आपण ढिलाईने ओढत असतो.

आदली रात्र. सावजी रस्सा घरी परत आल्यावर. सकाळचे तर्री पोहेही. तेल आणि तिखट पोटात हलू लागलं की समुद्र लागतोच. बोट लागणं म्हणजे डोळे सांगतात जागा स्थिर आहे आणि कानातला तोल सांगतो हलते आहे. या भांडणात पोट बळी जातं. म्हणून क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाइलकडे नाही, आणि इंजिनाच्या धुरापासून लांब, बोटीच्या मध्याजवळ उभं राहायचं. गोळी घ्यायची तर आदल्या रात्रीच. प्रोमेथाझिनची, जी आपल्याकडे अ‍ॅव्होमिन या नावाने मिळते, ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, कारण तीही बाहेर येते. तिने झोप येते, म्हणून एकदा घरी घेऊन बघावी आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्याव्यात. सकाळी इडली किंवा कोरडा ब्रेड. अगदी रिकामं पोटही वाईट.

बोटीवर केळी नेऊ नका. जगभरच्या मासेमारी बोटींवर केळं अपशकुनी मानतात. कारणं दहा सांगतात, पटणारं एकही नाही. पण कप्तानाचं मन कशाला मोडा? आपल्याकडे संत्री आहेत. सोलायला सोपी, तोंडाची खारट चव घालवणारी. संत्रा बर्फीचा डबा खलाशांसाठी नेलात तर दिवसभर तुमच्या नावाने हाका जास्त ऐकू येतील.

‘ऊन आम्हाला काय सांगता’ हा नागपूरकराचा ताठा मात्र बोटीवर उतरतो. आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन कोरडं असतं. घाम येतो तसा उडतो आणि अंग गार ठेवतो. समुद्रावर पारा बत्तिशीवर असला तरी हवा ओली, घाम उडतच नाही, अंगावर साचतो. वाऱ्यामुळे तापतोय हे कळत नाही आणि पाण्यावरून परतलेलं ऊन हनुवटीखालून भाजतं. माणशी चार-पाच लिटर पाणी, त्यात दोन पाकिटं ओआरएस. डोक्याला दुपट्टा बांधायची आपली रीत इथे नको, वाऱ्याने त्याचं टोक फेकत्या लाईनमध्ये येतं. घट्ट बसणारी गळपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. पोलराइज्ड चष्मा चैन नाही. त्यातून पाण्याखालचा खडक दिसतो आणि उलट उडत आलेला पॉपर डोळ्यावर बसत नाही.

अंदमानात दिवस लवकर उजाडतो. पोर्ट ब्लेअर नागपूरच्या साडेतेरा अंश पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. मार्चच्या मध्यावर नागपुरात सूर्य सव्वासहाच्या पुढे उगवतो, तिथे साडेपाचच्या आत. मावळतोही साडेपाचला. म्हणून जेटीवरून पाचला निघणं ही हौस नसून हिशेब आहे. दुपारी तीनला बोटीचं तोंड घराकडे वळलंच पाहिजे.

जाताना ट्रोलिंग. सहा ते नऊ नॉट वेगाने बोट चालते, मागे तीन-चार लाईन तीस ते साठ मीटरवर, एकमेकींत गुंतू नयेत म्हणून कमी-जास्त अंतरावर. सुरमई, कुपा (टूना), वाहू, बराकुडा यांच्यापैकी कुणीही. पहिला आवाज रीलचा येतो. यात अंगमेहनत कमी, नशीब जास्त. खरं सांगायचं तर मला हा दिवसाचा सगळ्यात कमी रस असलेला भाग वाटतो. पण जेवणाचा मासा बहुधा इथेच मिळतो.

कडेवर पोचल्यावर कप्तान इंजिन मंद करून बोट प्रवाहावर सोडतो, प्रवाळापासून तीस-चाळीस मीटरवर. पांढऱ्या पाण्याच्या कडेला पॉपर पडला पाहिजे. फेकण्याआधी मागे बघायचं, मोठ्याने ‘फेकतोय’ म्हणायचं. याला लाजू नये. आणि प्रत्येक फेकीआधी रॉडच्या टोकाला नजर टाकायची. ढिली ब्रेड टोकाच्या कडीला एक वेढा घेऊन बसते. ते न बघता जोरात फेकलं तर पॉपर तुटून शेजारच्या बेटावर जातो, किंवा टोक मोडतं. फेक पडली की रीलची दोरा अडवणारी तार (बेल) हाताने बंद करून ढील आधी काढून घ्यायची.

ओढताना रॉड खाली, पाण्याकडे, आणि बाजूला लांब खेच. पॉपर पाणी फोडतो, ‘भक्’ असा आवाज होतो. ढील गोळा, एक-दोन सेकंद, पुन्हा खेच. मागे पाण्याचा फुगा उठतो, काळी पाठ दिसते, मासा तोंड मारतो आणि चुकतो. मरळीवर घडलेला हात इथे आपोआप थांबतो. थांबायचं नाही. पळणारं भक्ष्य थांबलं की जीटीला शंका येते. त्याच लयीत, हवं तर जरा जलद, ओढत राहायचं. आणि तो लागला तरी लगेच झटका नाही. रील फिरवत राहायचं, वजन हाताला लागेपर्यंत. मग रॉड आडवा ठेवून कमरेतून दोन दणकट खेचा.

यापुढचे दहा-पंधरा सेकंद हीच सगळी झुंज. जीटी कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं: खाली, खडकात. रॉडचं बूड पट्ट्याच्या वाटीत, गुडघे वाकलेले, वजन मागे. ओढायचं ते पाठीने आणि मांड्यांनी. दंडाने ओढणारा दोन मिनिटांत संपतो. कप्तान त्याच वेळी बोट खोल पाण्याकडे काढत असतो, म्हणून त्याच्या ‘घुमाव, घुमाव’ला तत्काळ मानायचं. ड्रॅगला या वेळी हात लावणं ही नवख्याची ठरलेली चूक. ढिला केला तर खडक, घट्ट केला तर गाठ. जो काय निर्णय होता तो गच्चीवर मार्करने झालेला आहे. मासा खोल पाण्यात आला की मग सावकाश: रॉड पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलायचा, खाली आणताना रील फिरवायचं. लाईन ढिली सोडायची नाही.

दुपारी पाणी मंदावलं की जिगिंग. ८० ते १०० मीटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅमची धातूची पट्टी तळाला टेकवायची आणि लगेच दोन-चार वेटोळी वर घ्यायची, नाहीतर ती खडकाला देऊन टाकली समजा. लाईन पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त तिरकी झाली तर जिग हलका आहे. जड लावा किंवा बोट परत वर घ्यायला सांगा. तांबोशी (स्नॅपर), हेकरू (ग्रुपर), नशीब असेल तर डॉगटूथ टूना. इथे अडथळा शार्कचा. अर्ध्या वाटेवर ओझं एकदम वाढतं, मग हलकं होतं, आणि वर नुसतं डोकं येतं. एकदा झालं तर योगायोग. लागोपाठ दोनदा झालं तर जागा बदलायची. शार्कांना आपण वाढपी करून ठेवण्यात शौर्य नाही.

जीटी सोडून द्यायचा. याला भावना सोडून दोन कारणं आहेत. तो साठ सेंटिमीटरचा होऊन प्रजननाला येईस्तोवर तीन-साडेतीन वर्षं जातात, आणि मोठा मासा म्हणजे अनेक वर्षांचं बियाणं. नोंदलेला विक्रमी जीटी ७२.८ किलोचा आहे, २००६ सालचा, जपानमधला. दुसरं कारण पोटाचं. प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे सिग्वाटेराचं विष अंगात साठवतात. ते शिजवून जात नाही, वासाने कळत नाही, रस्सा कितीही तिखट केला तरी मरत नाही. मोठा जीटी, मोठा बराकुडा, मोठा हेकरू ताटात नको. हाताळताना हात ओले करावेत, एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, पाण्याबाहेर अर्धा मिनिट, फोटो काढणारा आधीच तयार. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवायचा, तो स्वतः शेपूट मारून सुटेपर्यंत. खोलातून आलेल्या माशाच्या तोंडातून फुग्यासारखं पोट बाहेर आलं असेल तर ते टोचू नये. वजन लावून त्याला पुन्हा खोल सोडणारी क्लिप बोटीवर असावी. जायंट ग्रुपर आणि अनेक शार्क-पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत पेंचमधल्या वाघाच्या पंगतीत. लागलाच तर बोटीवर घेणं नाही, फोटो नाही, पाण्यातच लीडर कापायचा. वंडूर आणि राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत गळ टाकायचाच नाही. हद्द कप्तानाला ठाऊक असते, पण प्रश्न तुम्ही विचारावा.

खायला सुरमई आणि लहान कुपा. कुपा बोटीवर येताच कल्ल्यामागे कापून रक्त काढायचं आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या गार चिखलात बुडवायचा. उन्हात पडून राहिलेल्या कुप्यात हिस्टामिन तयार होतं. त्याने अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि हेही शिजवून जात नाही. नागपूरला मासा आणायचा तर साफ करून, गोठवून, गळणार नाही अशा थर्माकोलच्या पेटीत, विमान कंपनीला आधी विचारून. प्रवाळाचा तुकडा मात्र पेटीत टाकू नका. तो विमानतळावर पकडतात आणि तोही गुन्हाच.

घरी आल्यावर पाइप आठवडाभर कोपऱ्यात उभा राहतो. ते करू नये. मीठ नागपूरच्या कोरड्या हवेत वाळून पांढरी पापुद्री धरतं आणि पहिल्या पावसात ओल खेचून धातू खातं. रॉडच्या कड्या, पॉपर, पक्कड साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत. रीलचा ड्रॅग आधी घट्ट करायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही, मग वरून हलकी धार. नळाखाली जोरात धरलं तर मीठ आतच ढकललं जातं. सावलीत वाळवून ड्रॅग पूर्ण सैल करायचा, नाहीतर वॉशर दबलेले राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देतो. गंजू लागलेल्या स्प्लिट रिंग फेकून द्यायच्या, वाचवायच्या नाहीत. लाईनचे पुढचे दहा मीटर बोटांतून फिरवून बघा. कुठे लव उठलेली लागली तर तिथपर्यंत कापून टाका. ते तुकडे बारीक कापून घरच्या कचऱ्यात जाऊ द्या. पुढच्या रविवारी तळ्यावर जाताना खिशात राहिले तर पाळीवर पडतात, आणि ही लाईन बगळ्याच्या पायात एकदा गुंतली की तिला तोडणं त्याच्या चोचीला जमत नाही.